मुखत्याराचा कोरडा

ही गोष्ट मला कोणी सांगितली, ते आता नीट आठवत नाही. नवाबाचं नावही बहुधा चुकतं आहे, सरबुलंदखान म्हणू. अंजिराबद्दल मात्र जवळजवळ खात्री आहे.

अंजीर पिकलं का, हे पाहायला लाडलेसाब माळ्याने एक तोंडात टाकलं आणि नवाबाने फर्मावलं, "वीस कोरडे!"

पण कोणावर हात उगारणार नाही, अशी अल्लाची शपथ नवाबाने मरणाऱ्या आईसमोर घेतली होती. म्हणून मारण्यासाठी त्याने मुखत्यार, म्हणजे आपल्या वतीने काम करणारा माणूस ठेवला होता, दिलावर. शपथही शाबूत, दराराही शाबूत!

लाडलेसाबला खांबाला बांधलं, तोच त्याची मुलगी जैतुन धावत आली.

"थांबा हुजूर, आपली शपथ मोडेल!"

नवाब हसला. "मारणार दिलावर, आणि शपथ माझी मोडेल? काझींसमोर सिद्ध कर, बाप सुटला. नाही जमलं, तर चाळीस!"

"पोरी, वीसच बरे होते!" लाडलेसाब कळवळला.

काझी चाचरत म्हणाले, "अवघड आहे. समज, हुजुरांनी घोडा न विकण्याची शपथ घेतली, आणि मुखत्याराने..."

"घोडा राहू द्या, काझीसाहेब. हुजुरांच्या निकाहात 'कबूल' कोण म्हणालं?"

"दिलावर. हुजूर मोहिमेवर होते. त्यांच्या वतीने तोच म्हणाला."

जैतुनने नवाबाला लवून सलाम केला. "म्हणजे बेगमसाहेबा दिलावरच्या?"

दिलावरच्या हातून कोरडा गळून पडला.

"जीभ आवर!" नवाब गरजला. "तोंड त्याचं असेल, बायको माझी आहे!"

"मग हात त्याचा असेल, हुजूर. मार कोणाचा?"

नवाबाने काझींकडे पाहिलं. काझींनी छताकडे. चिकाच्या पडद्याआड बेगमसाहेबांना हसू आवरेना, आणि ते ऐकून नवाबही खो खो हसत सुटला.

"सोडा त्याला! बेगम गमावण्यापेक्षा अंजीर गेलेलं बरं! लाडलेसाब, आजपासून पहिलं अंजीर चाखायला तूच माझा मुखत्यार! आणि ते झाड या पोरीचं!"

घोड्याची बाब मला पुढे बरीच वर्षं छळत होती. अखेर हनफी कायद्याच्या एका जुन्या ग्रंथात सापडली. न विकण्याची शपथ मुखत्याराने विकल्यास सहसा मोडत नाही. निकाह न करण्याची मात्र मोडते. पोर घोड्यावर अडली असती, तर बापाला चाळीस बसले असते.