राहीआक्काचं सोनं

फार वर्षांपूर्वी, खडकोंडीला घाट चढूनच जावं लागायचं तेव्हा, त्या गावात राहीआक्का नावाची बाई राहत होती. तिचा नवरा विठू ओतारी. पितळ वितळवून तो देवांच्या मूर्ती ओतायचा, बैलांची घुंगरं ओतायचा. तो गेला, आणि मागं उरली राहीआक्का, लहानगा सिदू आणि दागिन्यांची एक पेटी. ठुशी, पाटल्या, वाक्या, पुतळ्यांची माळ. सणाला आक्का ते घालून देवळात आली की समईचा सगळा उजेड तिच्याच अंगावर पडायचा, असं म्हणतात.

गाव खडकाळ. तिथली मुलगी करून घ्यायला कोणी राजी नसायचं. म्हणून कुणाच्या पोरीचं लग्न निघालं की तिची आई आक्काच्या दारात यायची. आक्का पेटी उघडायची आणि पोरीला स्वतःच्या हातानं नटवायची. सासरची माणसं अंगावरचं सोनं बघून खूश व्हायची. नवरी पहिल्यांदा माहेरी आली की दागिने आक्काकडे परत यायचे. घाटात चोरांचं भय, म्हणून ते माहेरीच ठेवलेत, असं सासरी सांगायचं. हे गुपित सगळ्या गावानं सांभाळलं होतं.

पण त्याच्याही आतलं गुपित एकट्या आक्काला ठाऊक होतं. ते दागिने पितळेचे होते. विठूनंच ओतले होते, वरून सोन्याचा मुलामा दिला होता. मरताना तो म्हणाला होता, "कुणाला सांगू नको, राही. घालणारीला कळलं, की तिच्या तोंडावर दिसंल."

मग दुष्काळ पडला. विहिरीत नुसता गाळ उरला. माणसं रानातले कंद उकरून खाऊ लागली. तेव्हा गावातला गणूजी चार माणसं घेऊन आक्काच्या दारात आला. त्याची लेक चिमा आदल्याच वर्षी आक्काचे दागिने घालून सासरी गेली होती.

"आक्का, एक पाटली मोड. गावाला गाडीभर ज्वारी यील."

"मोडून काही यायचं नाही, गणूभाऊ."

"पोरं मरायला लागली, आणि तुला सोनं सुटंना?"

आक्कानं मान खाली घातली. खरं सांगून ज्वारी येणार नव्हती. आणि गावाच्या पोरी सासरी होत्या. त्या वर्षी जो तो घरातलं एक तोंड कमी करायला बघत होता. त्या पोरींच्या ताटात अर्धी भाकरी पडत होती, ती माहेरच्या सोन्याच्या भरवशावर.

सिदू गेला. आक्कानं त्याला एकटीनंच उचललं आणि ओढ्याकाठी एकटीनंच पुरलं. मातीला कोणी आलं नाही. "पोटच्या पोरासाठीसुद्धा पाटली निघाली नाही," म्हणत बाया तिच्या दारावरून थुंकून जायच्या. आक्का ऐकून घ्यायची.

एके दिवशी गणूजीनं दार मोडलं. आक्का पेटीवर पालथी पडली होती.

"बाजारात नेऊ नको, भाऊ. चिमाचं वाटोळं हुईल."

त्यानं तिला ढकललं. तिचं डोकं जात्यावर आपटलं. मागं न बघता माणसं पेटी घेऊन घाट उतरली.

बाजारात सोनारानं ठुशी कसोटीवर घासली आणि परत गणूजीच्या हातात ठेवली. "पितळ आहे." शेजारी घरातली भांडी विकायला आलेला एक म्हातारा उभा होता. तो चिमाचा सासरा होता. सुनेच्या गळ्यातली ठुशी त्यानं ओळखली. तो वळला आणि घराकडं निघाला.

गणूजी गावात आला, पण आक्काच्या दाराकडं जायची त्याची छाती झाली नाही. काही दिवसांनी दिवेलागणीला चिमा अंगणात येऊन उभी राहिली. नुसती हाडं उरली होती. पदराला मूठभर ज्वारी बांधलेली होती.

"मला हाकलली, बा. घाटाखाली पडले हुते. राहीआक्कानं हाताला धरून वर आणली. ही ज्वारी तिनंच बांधली. म्हणाली, जा, बा काही बोलायचा नाही."

गणूजी धावत सुटला. आक्का जात्यापाशी तशीच पडली होती. तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. चूल कधीची सारवून कोरडी ठेवलेली. मडकी सगळी पालथी. जात्याच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. सगळ्या गावाच्या आधी तिच्याच घरातलं धान्य संपलं होतं.

बातमी गावोगाव गेली. त्या महिन्यात आणखी पोरी घाट चढून आल्या, आणि प्रत्येकीच्या पदरात मूठभर ज्वारी होती, असं म्हणतात. काही पोरी आल्याच नाहीत.

गणूजीनं घाटमाथ्यावर आक्काच्या नावानं दगड उभा केला. पाऊस परतल्यावर पिकलेली पहिली ज्वारी टोपलीत घालून त्यानं तिथं ठेवली. मरेपर्यंत तो त्या दगडापाशीच बसून असायचा. त्याच्याशी कोणी फारसं बोलत नसे.

आजही खडकोंडीत मळणी झाली की प्रत्येक घर आधी घाटमाथ्यावरच्या टोपलीत ज्वारी टाकतं. ज्याला लागेल त्यानं न्यावी. कधी फाटक्या लुगड्यातली बाई येते, कधी माडीच्या घरातली, अंगभर दागिने घातलेली येते. कोणीही टोपलीकडं आलं, की तिथं उभी असलेली माणसं पाठ फिरवून दरीकडं बघत राहतात.