शालवनातील वाटेचा अर्ज

विषय : विहारामागील वनात फिरण्यासाठी पक्की वाट करण्याबाबत.
अर्जदार : भिक्षू उपसोण.
संदर्भ : भगवान शास्त्यांचा एक पूर्वजन्म, खालीलप्रमाणे.

उपसोणाला वन फार आवडे. त्यातले गवत पायाला लागते, एवढेच आवडत नसे. अर्ज ऐकून शास्ते म्हणाले, "हा अर्ज तू पूर्वीही केला होतास," आणि त्यांनी हकिगत सांगितली.

पूर्वी कुंभवती नगरीत सुबाहुक राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व लेखनिकाच्या कुळात जन्मून वनाध्यक्षाच्या कचेरीत लेखनिकच झाला होता. कोणताही अर्ज तो तीन दिवसांवर पडू देत नसे. त्यामुळे कचेरीत तो फारसा कुणाला आवडत नसे.

एकदा पुष्पदत्त नावाचा श्रेष्ठी, म्हणजे नगरीतला बडा व्यापारी, शालवनात फेरफटका मारून आला. तिथल्या शांततेने तो इतका भारावला की, ती सर्व नागरिकांना मिळावी म्हणून त्याने अर्ज केला : गवत कापून रुंद वाट करावी, जागोजागी मंडप घालावेत आणि मंडपांत वादक बसवावेत.

बोधिसत्त्व स्थळपाहणीला गेला. आखलेल्या वाटेवर, कमरेइतक्या गवतात, चितळाची एक मादी उभी राहिली. ती पळाली नाही. तिच्या पायांशी नुकतेच जन्मलेले, अजून ओले पाडस होते. बोधिसत्त्व आल्या पावली फिरला आणि त्याने अर्जावर शेरा मारला : 'वाटेवरील रहिवाशाची हरकत आहे. म्हणणे ऐकून होईपर्यंत काम सुरू करू नये.'

श्रेष्ठी कचेरीत आला. "लेखनिकबुवा, हरिणीने हरकत लिहून दिली का?"

"नाही. मला पाहून ती पळाली नाही. हरिणीला याहून स्पष्ट लिहिता येत नाही."

"मुख्य लेखनिकाची जागा रिकामी होते आहे म्हणे. महाराजांच्या कानावर घालू का दोन शब्द?"

"घाला. त्यात गवताचाही उल्लेख असू द्या."

श्रेष्ठीने दोन शब्द घातले, पण वेगळे. ती जागा त्याच्या भाच्याला मिळाली आणि राजा स्वतः पाहणीला निघाला. बोधिसत्त्वाने त्याला छत्र, भालदार आणि जोडे वनाबाहेर ठेवायला सांगितले.

"मग मी राजा आहे हे वनाला कळणार कसे?"

"कळणार नाही, महाराज. म्हणूनच काही दिसेल."

दोघे गवताच्या कडेला बसले. बऱ्याच वेळाने हरिणी आली आणि पाडसाला पाजू लागली. राजाच्या पायाला मुंगी चावली, तरी तो हलला नाही. राज्यकारभारात एवढा धीर त्याने कधी दाखवला नव्हता.

परतताना तो म्हणाला, "अर्ज फेटाळला तर श्रेष्ठी रुसेल. मंजूर केला तर ही जाईल."

"हरकतदाराचे म्हणणे अजून पुरते ऐकून झालेले नाही, महाराज."

"किती दिवस लागतील?"

"तिची भाषा मला येत नाही. शिकतो आहे."

राजाने मान डोलावली. तीन दिवसांवर अर्ज न ठेवणाऱ्या त्या लेखनिकाने हा एक अर्ज जन्मभर ठेवला, आणि तो होता त्याच जागेवरून निवृत्त झाला.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा श्रेष्ठी हा उपसोण. राजा म्हणजे आपला द्वारपाल भिक्षू लकुंटक, हरिणी म्हणजे भिक्षुणी सुपब्बा, आणि लेखनिक मी होतो. त्या जन्मी माझ्याकडून पाळली गेली ती प्राणिमात्रांविषयीची मैत्री."

"आणि माझा अर्ज?" उपसोणाने विचारले.

शास्ते अनवाणी वनाकडे निघाले होते.

अर्ज प्रलंबित आहे.