तुंबलेली कास आणि धारेचा धोंडा

बोरजाईच्या माळावर शेळ्यांचा बाजार भरतो, तिथे वेशीपाशी एक पांढुरका, मधोमध खोलगट झालेला धोंडा आहे. नवखी माणसं त्यावर बूड टेकायला जातात आणि गावातले शिदूतात्या त्यांना हाताला धरून उठवतात. म्हणतात, "बसायचा न्हाई तो. आधी ऐका."

फार पूर्वी इथे म्हाकू नावाचा धनगर होता म्हणे. त्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून शेळी नेत. एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची एक शेळी अवेळी आटली. भाकड जनावर कोण घेणार? म्हाकूने बाजाराच्या आदल्या दिवसापासून तिची धारच काढली नाही. थेंब थेंब साचून कास तुंबली, टम्म दिसू लागली.

बाजारात ठकूबाई नावाची म्हातारी आली. तिची सून बाळंतपणात गेलेली, तान्ही नात तिच्या खांद्यावर. तिने त्या शेळीकडे बघत भीत भीत विचारलं, "बाबा, जरा धार काढून दावतोस का?"

"मावशे, माझ्या शब्दावर इस्वास न्हाई व्हय?"

म्हातारी ओशाळली. "चुकलं बाबा माझं," म्हणाली आणि शेळी घेऊन गेली. म्हाकूला वाटलं, सुटलो.

पुढच्या बाजाराला ती शेळीसकट परत आली. आता ही चारचौघांत आपली अब्रू काढणार, म्हणून म्हाकू उत्तरं जुळवू लागला. पण ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "माझ्याच हातून काय तरी चुकलं बघ. चारा कमी पडला आसंल. दूध आटलं. काय घालू तिला, सांग की." खांद्यावरची पोर गुळाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी चोखत होती. तिला रडायचंही त्राण नव्हतं.

म्हाकूची मान वर होईना. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो मुकाट्याने आपली सगळ्यांत दुभती शेळी घेऊन या धोंड्यापाशी बसला. पण शेळीने पान्हा चोरला. कितीही चुचकारलं तरी थेंब येईना. असं सांगतात की, तेव्हा तो उभा राहिला आणि भर बाजारात ओरडला, "मावशे, तुझी चूक न्हाई! कास मी तुंबवली हुती!" मग तो पुन्हा खाली बसला, आणि पहिली धार धोंड्यावर वाजली.

ती शेळी ठकूबाईच्या घरी गेली. पोर जगली. "जगली नसती, तर ही गोष्ट सांगायला आम्हाला तोंड राहिलं असतं का?" तात्या विचारतात. म्हाकूने मात्र पुन्हा कधी कुणाला आपला शब्द दिला नाही म्हणे.

आजही या बाजारात विकणारा आपणहून धोंड्यापाशी बसतो, पहिली धार त्यावर सोडतो आणि मग घेणाऱ्यासमोर कास रिकामी करून दाखवतो. घेणाऱ्याने काही मागायचं नसतं. धार दाखवा, असं म्हणायची वेळ त्याच्यावर आलीच, तर विकणारा मान खाली घालतो आणि शेळी घेऊन घरी परत जातो.