एका चुलीवर दोन जावा

सर्व्हर सुरू होत नाही म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं कधी ऐकलंय का? नगरपालिकेचे संगणक सांभाळणाऱ्या कुंदाताईंची जाणारच होती.

"जावा प्रोग्रामचा सर्व्हर उठत नाही, दोष तुमचाच. उद्यापासून येऊ नका!" खरमाटे साहेब गरजले.

कुंदाताईंनी पडद्यावर नजर टाकली. "साहेब, जुनी जावा बंद न करताच नवी सुरू केलीय. जुनीनं पोर्ट, म्हणजे जोडणीची एकुलती जागा, अडवलंय. एका चुलीवर दोन जावा कशा नांदणार?"

"मग दोष कुठल्या जावेचा?"

"जावांचा कसला? दोघींना एका चुलीशी बसवणाऱ्या सासूचा."

"कोण ही सासू? तिलाच काढतो!"

"काल नवी जावा तुम्हीच सुरू केलीत ना, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर चालू होता, कुंदाताई कामावर होत्या आणि फलकावर साहेबांच्या सहीची सूचना लागली होती: 'यापुढे एका चुलीवर दोन जावा बसवू नयेत.'