चार-चार ताटे

बालमित्रांनो, दूरच्या रानात बियाण्याची विद्या शिकून साळुंकी परतत होती, तेव्हा तिला वाटले होते की आपले रान पूर्वीसारखेच पांढऱ्या मक्याने डोलत असेल. येऊन पाहते तो जिकडेतिकडे कोल्ह्याचा पिवळा मका! त्याचे संकरित बियाणे पहिल्या वर्षी भरघोस पिके, पण त्यातलेच दाणे राखून पुन्हा पेरले की कणसे खुरटी, विरळ येत. म्हणून दरवर्षी सगळे कोल्ह्याच्या दारात उभे राहत आणि बियाण्याच्या बदल्यात तो निम्मे पीक घेई.

साळुंकी पेटून उठली. घुशीच्या बिळात जुन्या पांढऱ्या मक्याच्या दोन जाती अजून शिल्लक होत्या. एकीचे कणीस मोठे, तर दुसरीला पाणी थोडे पुरे. "या दोघींचा संकर करू. आपलं बियाणं आपणच बनवू," साळुंकी म्हणाली. "फक्त हा एक हंगाम रानात दुसरा मका कोणी लावू नका. वाऱ्यावरून पिवळ्याचे पराग आले, की सगळी भेसळ होईल."

"नाही लावणार, ताई!" सगळ्यांनी शब्द दिला. सशाने तर आपल्या लांब कानांची शपथ घेतली.

साळुंकीने दोन्ही जातींचे थोडे दाणे ढोलीत राखून बाकीचे ओळींत पेरले. मोठ्या कणसाच्या ताटांवर दुसऱ्या जातीचेच पराग पडावेत, म्हणून त्यांचे पराग देणारे तुरे ती उमलण्याआधीच चोचीने खुडत राहिली. अखेर तिने पहिले कणीस सोलले. पांढऱ्या दाण्यांत जागोजागी पिवळे दाणे!

ती तडक सशाकडे गेली. त्याच्या बिळामागे पिवळ्या मक्याची चार ताटे उभी होती.

"अगं, पोरांना भाजून खायला लावली," ससा म्हणाला. "कोल्होबांनी यंदा बी फुकट दिलं. माझ्या चार ताटांनी काय बिघडतंय? बाकीचे पाळतायत ना शब्द!"

मोराच्या झाडामागेही चार ताटे. घुशीच्या बिळापाशीही चार ताटे. उत्तरही सगळ्यांचे तेच.

"विद्या शिकून आलीस खरी," वाटेत भेटलेला कोल्हा हसत म्हणाला, "पण शेजारी कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीने ठरवले, आता पेरायचे ते डोंगरापलीकडे, जिथे कोणाकडे शब्द मागावा लागणार नाही. ढोलीतले दाणे तिने चोचीत भरून घेतले.

"ताई, मग आमच्या बियाण्याचं काय?" खालून सशाने विचारले.

चोच उघडली असती, तर दाणे सांडले असते. साळुंकी डोंगराच्या दिशेने उडाली.

तात्पर्य : 'माझ्या एकट्याने काय बिघडणार?' असे प्रत्येकाने म्हटले, की सगळ्यांचेच बियाणे बिघडते.