गाळणीबाईंची टाकी

पंप आणि गाळण्या बोलत असत त्या काळची गोष्ट. समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या एका छोट्या काचेच्या टाकीत गाळणीबाई राहत. त्यांना स्वच्छतेचं भारी वेड. पाणी आरशासारखं लख्ख झालं, तरी शेजारच्या बरणीत अवघडून बसलेल्या माशाला त्या आत येऊ देईनात.

“थांब, अजून एक कण दिसतोय!”

चार दिवस हेच ऐकून तळाचा प्रवाळाचा दगड वैतागला. “बाई, घाण करायला कुणी आलंच नाही, तर तुम्ही इथे करणार काय?”

गाळणीबाई बरणीतल्या माशाकडे वळल्या. मग म्हणाल्या, “ये बाबा.”

माशानं टुणकन उडी मारली आणि आल्याआल्या शी केली. गाळणीबाई दिवसभर कुरकुरत राहिल्या. संध्याकाळी मासा पेंगायला लागला, तशा त्या पाणी फिरवणाऱ्या पंपावर खेकसल्या, “हळू रे! लेकरू झोपलंय.”