नोझलचा जोड

“जोड कुठं आहे ते दाखवा, अण्णा. दिसतो का?”

महिपतीने रंग फवारायचा एअरब्रश पुढे धरला. तातोबाअण्णांनी तो घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि परत दिला.

“न्हाई दिसत.”

“दिसणारच नाही. दोन दिवस घरी बसून केलंय. दोन नळ्यांतला कडक गोंद समसमान मिसळला, टाचणीनं चिरेत भरला, वाळल्यावर घासून सारखा केला. आता हे नोझल जन्मात हलायचं नाही.”

“बरं.”

गडहिंग्लजच्या कुंभार गल्लीत अण्णांचा गणपतींचा कारखाना. श्रावण संपत आला होता. मांडवात दीडशे मूर्ती उभ्या. निम्म्यांच्या अंगाला रंग लागला होता, डोळे एकीलाही नव्हते. डोळे फक्त अण्णा आखत. सत्तरी उलटलेली, पाठ धरलेली. तीन मूर्ती रंगवल्या की ते भिंतीला टेकत आणि तासभर बोलत नसत.

महिपती त्यांच्या हाताखाली आठ वर्षं होता. अंगाचा रंग त्याच्याइतका मऊ कोणी मारत नाही, हे सगळी गल्ली मान्य करी. तोही करी, जरा जास्तच. त्याला डोळे आखायला हवे होते. दर वर्षी तो विचारायचा आणि अण्णा म्हणायचे, “बघू.”

शिवाय महिपती आठ वर्षांत एकदाही चुकला नव्हता. गेल्या साली मुकुटाचं टोक उडालं ते साच्यामुळे. परवा एअरब्रश खाली पडून नोझलला चीर गेली, ती मांजरामुळे. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी सापडायचंच.

“आज मला उत्तर पाहिजे, अण्णा.”

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“निपाणीचा एक कारखानदार बोलावतोय. तो डोळे देतोय मला. तुम्ही आज नाही म्हणालात, तर संध्याकाळच्या गाडीनं निघालो.”

“…मारून दाखव.”

महिपतीने कॉम्प्रेसर लावला, पीतांबराचा पिवळा रंग भरला आणि जुन्या वर्तमानपत्रावर एक रेघ ओढली. केसासारखी बारीक, कुठे थेंब नाही, कुठे थुंकल्यासारखा डाग नाही. अण्णांनी मान हलवली. चांगलं काम बघितलं की ते अजूनही मान हलवत, कितीही थकलेले असले तरी.

“आता गुलाबी भर.”

महिपतीने पिवळा ओतून टाकला, पाणी घातलं, फुस्स करून उडवलं, अंगाचा फिकट गुलाबी भरला. रेघ ओढली. कावीळ झालेल्या माणसाच्या कातडीसारखा रंग आला.

“धू की नीट.”

“धुतला.”

“उघडून धू.”

महिपतीने नोझल चिमटीत धरलं. फिरेना. फडकं घेऊन धरलं. फिरेना. आता त्याच्या लक्षात आलं. गोंद चिरेत भरला तसा नोझल फिरवायच्या आट्यांतही उतरला होता. जी वस्तू रंग बदलताना दर वेळी उघडावी लागते, ती त्याने कायमची बंद केली होती. घरी दोन दिवस बसून.

“उघडतो, थांबा.”

“र्‍हाऊ दे.”

“उघडतो म्हटलं ना!”

त्याने पक्कड घेतली आणि दात आवळून पीळ दिला. कट् असा आवाज झाला.

नोझल सुटलं नव्हतं. त्याच्या मागची पितळी मान मोडली होती. चांगली, धडधाकट, कालपर्यंत जिला काही झालं नव्हतं ती.

महिपती हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

“जोड… जोड तसाच आहे, बघा.”

अण्णा हसले नाहीत. हसायलाही जोर लागतो.

त्यांनी हात लांब करून फळीवरचा आपला जुना एअरब्रश काढला. त्याच्या फुटक्या नोझलला मेण लावलेला दोरा गुंडाळलेला होता. महिपती गेली आठ वर्षं त्या दोऱ्याला नाक मुरडत आला होता. अण्णांनी नखाने दोरा सोडला. नोझल तळहातावर आलं. वाटीतल्या पाण्यात त्यांनी ते धुतलं, सुई पुसली, परत बसवलं आणि दोरा गुंडाळायला घेतला. बोटं सावकाश चालत होती.

“किती वर्षं तुटकाय हा?”

“एकवीस.”

“मग जोडला का नाही कधी?”

“रोज जोडतो की.”

महिपती खाली बसला. कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. समोर दीडशे मूर्ती, आणि बघणारं कोणीच नाही…

“अण्णा.”

“हं.”

“परवा मांजर नव्हतं.”

“ठाव हाय. मांजर दोन म्हयन्यापास्नं इकडं फिरकल्यालं न्हाई.”

“मुकुटसुद्धा माझ्याच हातनं गेला.”

“व्हय.”

“माहीत होतं, तर बोलला का नाहीत?”

अण्णांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

महिपतीला फार लाज वाटली. मोडल्याची नाही, त्याला आठ वर्षांची लाज वाटली. त्याने तुकडे कागदात गुंडाळून अण्णांच्या पायाशी ठेवले आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

“येतो. निपाणीला काही जात नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?”

तो दाराशी पोचला तेव्हा मागे हालचाल झाली. अण्णा गुडघ्यावर हात रोवून उठत होते. उठायला त्यांना बराच वेळ लागला. मोठ्या मूर्तीपुढच्या पाटावर त्यांच्याखेरीज कोणी बसत नसे. तो पाट त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसला.

“बस.”

महिपती हलला नाही.

“कोण? मी?”

“बस म्हनतोय न्हवं.”

तो येऊन बसला. अण्णांनी त्याच्या हातात डोळ्यांची बारीक कुंचली दिली, काळ्या रंगाची वाटी जवळ सरकवली. समोर मूर्तीचा चेहरा, पांढऱ्या कोऱ्या डोळ्यांचा. महिपतीने कुंचली वर नेली. तिचं टोक हवेतच थरथरायला लागलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी ते थांबेना.

“आठ वर्षं मागत होतो तेव्हा दिलं नाहीत. आज देताय, अण्णा? आज माझा हात कापतोय.”

अण्णा भिंतीला टेकले. पाय पसरले, डोळे मिटले.

“म्हनून तर बस म्हनलो.”